रात्री नीट दिसायला हेडलाईटचं काम कुठून सुरू करायचं : काच, वायरिंग, बल्ब, फोकस

ऊसतोडणी सुरू झाली की कोल्हापूर, सांगली, सोलापूर, अहिल्यानगर या सगळ्या पट्ट्यात रात्री गाडी चालवणं म्हणजे जीव मुठीत धरून चालवणं. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, बऱ्याचदा मागे ना टेललाईट ना रिफ्लेक्टर, समोरून येणाऱ्याने अप्पर (लांबचा उजेड) तसाच ठेवलेला, आणि त्या झगमगाटात ट्रॉली दिसते ती थेट बोनेटसमोर. मग माणूस दुसऱ्या दिवशी ॲक्सेसरीजच्या दुकानात जातो आणि म्हणतो भाऊ सगळ्यात पॉवरफुल एलईडी टाक. दुकानदार टाकतो, थोड्या वेळात काम होतं, गाडीसमोर पांढराशुभ्र उजेड पडतो आणि वाटतं चला सुटलो. पण जवळचा रस्ता असा भगभगीत झाला की आपली बुबुळं त्या उजेडाला आकसतात आणि लांबचं, म्हणजे जिथे खरंच ट्रॉली उभी आहे तिथलं, आधीपेक्षा कमी दिसतं. वर समोरचा बाईकवाला आंधळा होतो ते वेगळंच.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. अल्टो, वॅगनआर, जुनी स्विफ्ट अशा एच-फोर बल्बच्या (एकाच बल्बमध्ये अप्पर आणि डिपर, म्हणजे खाली झुकलेला जवळचा उजेड), साध्या रिफ्लेक्टर हेडलाईटच्या गाड्या डोक्यात ठेवून लिहितोय कारण रस्त्यावर त्याच जास्त आहेत, पण बाकीच्यांनाही बरंचसं लागू पडेल. एकच गोष्ट सुरुवातीला पक्की करा, उजेड योग्य जागी पडला पाहिजे आणि बल्ब बदलणं हा त्यातला एक छोटा भाग आहे. स्वस्तातलं काम आधी, महागातलं शेवटी, आणि बहुतेक गाड्यांचं काम महागापर्यंत जातच नाही.

आधी हिशोब : किती लांब दिसायला हवं

ताशी ८० ने जाताना गाडी सेकंदाला साधारण २२ मीटर कापते. काहीतरी दिसलं, मेंदूत शिरलं, पाय ब्रेकवर गेला यात दीड सेकंद धरा, म्हणजे ३३ मीटर तसेच गेले. मग कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक मारून थांबायला अजून ३६ मीटरच्या आसपास, एकूण ७० मीटर झाले. ताशी ६० ला हेच ४५ मीटरमध्ये भागतं. ओल्या रस्त्यावर आणि गुळगुळीत टायरवर यापेक्षा बरंच जास्त लागतं.

आता डिपरचा फोकस बघा. हेडलाईट जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच असेल आणि फोकस १ टक्का खाली झुकवलेला असेल, म्हणजे दर मीटरला १ सेंटिमीटर, तर उजेडाची वरची कड रस्त्याला ६५ मीटरवर टेकते. तोच फोकस कुणीतरी स्क्रू फिरवून २ टक्के खाली केला असेल तर ३२ मीटरवरच संपला. बल्ब कितीही भारी टाका, तुम्हाला ३२ मीटरच दिसणार. आणि फोकस नीट असला तरी डिपरवर ताशी ८० हा जेमतेम हिशोब आहे, १०० तर नाहीच नाही. हेडलाईट सुधारल्यावर वेग वाढवायचा मोह होतो, तो आवरा.

काच

सुरुवात इथून. हेडलाईटची काच म्हणतो ती आता काच नसतेच, पॉलीकार्बोनेट प्लॅस्टिक असतं, वर उन्हापासून वाचवणारा एक थर असतो. तो थर सात-आठ वर्षांत उन्हाने जातो आणि मग काच पिवळट, धुरकट होते. अशा काचेतून उजेड कमी बाहेर पडतोच, शिवाय तो इकडेतिकडे फाकतो, म्हणजे आपल्याला कमी दिसतं आणि समोरच्याच्या डोळ्यात जास्त जातं.

टूथपेस्ट घासायचे व्हिडिओ भरपूर आहेत. चार दिवस चमकतं, परत तसंच. नीट करायचं तर हेडलाईटच्या कडेने रंगावर मास्किंग टेप लावा, दोन थर लावा, आणि पाणी मारत मारत वॉटर पेपरने घासा. जास्तच खराब असेल तर ८०० नंबरपासून सुरू, नाहीतर थेट १०००, मग १५००, २०००, शेवटी ३०००. प्रत्येक नंबरला आधीच्या पेपरचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबायचं, घाई इथेच नडते. घासताना काच आणखी पांढरी दिसते, घाबरू नका. ३००० झाल्यावर पॉलिश कंपाउंडने मशीनवर किंवा हाताने चमकवा.

यानंतरचा भाग लोक सोडून देतात आणि तोच सगळ्यात महत्त्वाचा. वरचा संरक्षक थर आपण घासून काढलाय, नवा दिला नाही तर काही महिन्यांत काच परत पिवळी. यूव्हीवाला टू-के क्लिअर कोट, म्हणजे दोन भाग मिसळून मारायचा पारदर्शक थर, मारून घ्या. त्याची वाफ फुफ्फुसाला चांगली नसते, म्हणून घरात, बंद पार्किंगमध्ये, साध्या कापडी मास्कवर मारू नका, पेंटिंगवाल्याकडून करून घेतलेलं बरं. नाहीतर हेडलाईटसाठीची पारदर्शक फिल्म मिळते ती चिकटवा. काच आतून धुरकट असेल किंवा आतला रिफ्लेक्टरच काळवंडून त्याचं क्रोम गेलं असेल तर बाहेरून घासून उपयोग नाही, हेडलाईटच बदलायला लागेल. तेव्हा कंपनीचाच घ्या, किंवा मान्यता असलेला. परदेशातून मागवताना एक बघायचं, आपल्याकडे गाड्या डाव्या बाजूने चालतात म्हणून डिपरचा फोकस डावीकडे थोडा वर चढतो, साइडपट्टीवरचा माणूस दिसावा म्हणून. उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांतला हेडलाईट बसवला तर तो चढ उजवीकडे येतो, थेट समोरच्याच्या तोंडावर.

याच दिवशी विंडशील्ड आतून पण पुसा. नवीन प्लॅस्टिकच्या वाफेचा, धुराचा एक तेलकट पापुद्रा बसतो, दिवसा कळतही नाही, रात्री समोरच्या लाईटचे तारे होऊन पसरतात. वायपरचे रबर कडक झाले असतील तर बदला. आणि चष्म्याचा नंबर दोन वर्षांत तपासला नसेल तर तो तपासा. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्यांना रात्रीच्या लाईटचा त्रास अचानक वाढला असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, मोतीबिंदूची सुरुवात बऱ्याचदा अशीच लक्षात येते.

बल्बपर्यंत व्होल्टेज पोचतंय का

हा भाग मला सगळ्यात जास्त सांगायचाय कारण इथे फुकटात उजेड मिळतो आणि कुणी बघत नाही.

हॅलोजन बल्ब व्होल्टेजला फार हळवा असतो. व्होल्टेज १० टक्के कमी पडलं तर उजेड १० टक्के कमी होत नाही, जवळजवळ ३० टक्के कमी होतो. आता जुन्या बऱ्याच गाड्यांमध्ये हेडलाईटचा सगळा करंट बॅटरीपासून निघून फ्यूजबॉक्स, मग स्टिअरिंगजवळचा स्विच, मग परत पुढे बल्बपर्यंत असा बारीक वायरमधून फिरून येतो, मधे चार कपलर (वायर जोडायचे प्लग), त्यातले दोन गंजलेले. वाटेत एक-दीड व्होल्ट सहज गळतं.

बघायचं कसं? साधा मल्टिमीटर घ्या, डीसी २० व्होल्टवर लावा. इंजिन चालू, डिपर चालू. आधी बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोजा, १३.८ ते १४.२ च्या आसपास आलं पाहिजे. कमीच येत असेल तर अल्टरनेटर, बेल्ट, बॅटरीचं काम आधी. मग हेडलाईटच्या मागचा कपलर बल्बला लावलेलाच ठेवून, मागच्या बाजूने पिनांना टोकं टेकवून, डिपरची पिन आणि कॉमन पिन यांच्यात मोजा. कपलर काढून मोजलं तर आकडा चांगलाच येईल पण तो फसवा, करंट वाहत असतानाच गळती दिसते. आणि बॉडीला अर्थ धरून मोजू नका, सुझुकी-टोयोटासारख्या काही जपानी घराण्याच्या गाड्यांत स्विच अर्थच्या बाजूला असतो, तिथे गोंधळ होतो.

समजा बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर १२.३ आलं. म्हणजे तुमचा एक तृतीयांश उजेड वायरमध्ये गेलाय, नवीन बल्ब घेऊन काय होणार? अर्धा व्होल्टपर्यंतचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल तर आधी बॅटरीचं बॉडीला आणि इंजिनला जाणारं अर्थिंग साफ करा, कपलरमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, हिरवट झालेली पिन असेल तर कपलर बदला. बऱ्याचदा इतक्यावर निम्मं काम होतं.

रिले हार्नेस

गळती तरी जात नसेल तर रिलेवालं हार्नेस. रिले म्हणजे थोड्या करंटवर चालणारा स्विच, हार्नेस म्हणजे तयार वायरिंगचा जुडगा. यात बॅटरीपासून जाड वायर सरळ बल्बला जाते आणि जुनं वायरिंग फक्त रिलेला चालू-बंद सांगायचं काम करतं, त्यामुळे स्विचवरचा भारही जातो. एच-फोरला दोन रिले, एक डिपरचा एक अप्परचा. चार पिनांचा साधा रिले, ३० नंबरला फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून बल्ब, ८५ आणि ८६ जुन्या कपलरकडून.

काही गोष्टींवर तडजोड करू नका. फ्यूज बॅटरीच्या जवळ, वीतभर अंतरात. वायर कुठे घासून बॉडीला टेकली आणि फ्यूज लांब असेल तर मधली वायर पेटते. साध्या ६०/५५ वॅटच्या दोन बल्बांना डिपरवर ९-१० अँपिअर लागतात, त्याला १५ चा फ्यूज पुरे, "उडू नये म्हणून" ३० चा टाकणाऱ्या वायरमनला थांबवा. वायर अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची, होल्डर सिरॅमिकचा. रिले पिना खाली करून बसवा म्हणजे पावसाचं पाणी आत साचत नाही. वायर रेडिएटर फॅन आणि एक्झॉस्टपासून लांब, वरून जाळीदार नळी, दर वीतभराला टाय. आणि कंपनीची वायर कापू देऊ नका, प्लग लावायचं हार्नेस मिळतं, उद्या गाडी विकताना किंवा वॉरंटीत नेताना काढता येतं. अर्थ-स्विच गाडी असेल तर दुकानात ते आधी सांगा, हार्नेसमधला रिले जुन्या कपलरच्या दोन्ही पिनांवर चालणारा हवा.

आणि महत्त्वाचं, नवीन गाड्यांत हेडलाईट कंट्रोल मॉड्यूलवरून चालतात, बल्ब उडाला तर डॅशबोर्डवर सांगतात, त्यांना असलं हार्नेस डोळे झाकून लावू नका, रिले फडफडतो नाहीतर वॉर्निंग येत राहते. त्यांचं वायरिंग सहसा ठीकच असतं.

बल्ब

आता कुठे बल्ब. चांगल्या एच-फोरचा डिपर साधारण १००० ल्युमेन (उजेडाचं माप) आणि अप्पर १६५० ल्युमेन देतो, तोही १३.२ व्होल्टवर, म्हणून वरची व्होल्टेजची कटकट. फिलिप्स, ओसरामसारख्या नावाजलेल्या कंपनीचा, बल्बवर गोलातल्या ई-नंबरची (मान्यतेची) खूण असलेला ६०/५५ वॅटचाच घ्या, जोडीने बदला. "प्लस १३०" वगैरे लिहिलेले बल्ब येतात, त्याचा अर्थ एकूण उजेड दुपटीहून जास्त असा नाही, रस्त्याच्या काही ठराविक भागात किमान मापापेक्षा इतका जास्त असा आहे. पण फिलामेंट बारीक आणि नेमकं असतं त्यामुळे फोकस खरंच धारदार पडतो, फक्त आयुष्य कमी. रात्रीचा प्रवास जास्त असेल तर माझ्या मते पैसे वसूल आहेत. निळ्या काचेचे "झेनॉन व्हाईट" हॅलोजन मात्र घेऊ नका, तो निळा रंग उजेडच खातो.

१००/९० वॅट हा आपल्याकडचा जुना आवडता इलाज. अप्परला दोन बल्ब मिळून १६-१७ अँपिअर, कंपनीची वायर त्यासाठी नाही, प्लॅस्टिकचा होल्डर वितळतो, उष्णतेने रिफ्लेक्टर करपतो, आणि रस्त्यावर वापरायला ते मान्यही नाहीत. रिले टाकून ६०/५५ वर जो फरक पडतो तो बघा आधी.

बसवताना काचेला बोट लावायचं नाही, बोटाचं तेल तापून तिथेच काच फुटते, लागलंच तर स्पिरिटने पुसा. एच-फोरच्या पत्रीला तीन कान असतात, खाचांत बरोबर बसले पाहिजेत, स्प्रिंग पूर्ण अडकली पाहिजे आणि मागचा रबर बूट घट्ट. बल्ब अर्धा मिलिमीटर वाकडा बसला तरी फोकस बिघडतो.

मग एलईडी का नको? एच-फोरमध्ये डिपरच्या फिलामेंटखाली एक छोटी पत्र्याची वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते म्हणून उजेड फक्त रिफ्लेक्टरच्या वरच्या भागावर पडतो आणि रस्त्यावर वरची कड तयार होते. रिफ्लेक्टरचा प्रत्येक मिलिमीटर त्या बारीक फिलामेंटच्या जागेप्रमाणे घडवलेला असतो. एलईडीत दोन बाजूला चपट्या चिप, मधे जाडी, उजेड वेगळ्या जागेहून निघतो, कड पुसट होते आणि उजेड वर सांडतो. एचआयडी (झेनॉन वायूचा दिवा) किट रिफ्लेक्टरमध्ये टाकली तर हेच, अजून वाईट. जर्मनीत २०२० पासून ओसरामच्या एलईडी बल्बला मान्यता मिळाली ती पण ठराविक गाडीच्या ठराविक हेडलाईटसोबतच, कारण तपासणी बल्बची एकट्याची होत नाही, जोडीची होते. आमच्या गल्लीतल्या सहाशे रुपयांच्या पाकिटावर असं काही नसतं. तरी आधीच टाकला असेल तर खालची भिंतीची परीक्षा घ्या, कड स्पष्ट येत नसेल तर त्याच दिवशी काढा.

फोकस लावणे

सपाट जागा आणि समोर भिंत. चारी टायरमध्ये बरोबर हवा, टाकी अर्धी, डिक्की रिकामी, ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं, डॅशबोर्डवरचा लेव्हलिंगचा गोल असेल तर शून्यावर.

गाडी भिंतीला चिकटवून सरळ उभी करा. दोन्ही हेडलाईटच्या बरोबर मध्यासमोर भिंतीवर टेपच्या उभ्या पट्ट्या आणि त्या मध्याच्या उंचीवर एक आडवी पट्टी मारा. मग गाडी सरळ मागे घ्या, ५ मीटर. जागा असेल तर १० मीटर, जास्त नेमकं येतं. हेडलाईटवर किंवा बोनेटखालच्या स्टिकरवर १.० टक्के, १.२ टक्के असं छापलेलं असतं, ते तुमच्या गाडीचं माप. १ टक्का असेल तर ५ मीटरवर ५ सेंटिमीटर आणि १० मीटरवर १० सेंटिमीटर, आधीच्या पट्टीच्या इतकं खाली दुसरी आडवी पट्टी मारा. फोकसची वरची सपाट कड या खालच्या पट्टीवर आली पाहिजे.

एका वेळी एकच हेडलाईट लावायचा, दुसऱ्याचा कपलर काढा. कापडाने झाकून ठेवू नका, प्लॅस्टिक तापतं. मागे दोन स्क्रू असतात, एक वर-खाली एक डावी-उजवी, स्टार स्क्रूड्रायव्हरने किंवा छोट्या पान्याने फिरतात. आधी उंची. मग कड जिथून डावीकडे वर चढायला लागते तो कोपरा त्या हेडलाईटच्या उभ्या पट्टीवर किंवा किंचित डावीकडे, उजवीकडे कधीच नाही. पाव-पाव आटा फिरवा. एच-फोरमध्ये डिपर लावला की अप्पर आपोआप लागतो. काम झाल्यावर दुसरा कपलर परत लावायला विसरू नका.

आता अजून एक तपासणी. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ सांगतो की दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. मित्राला टेप घेऊन तिथे उभं करा, डोळे दीड मीटरवर येतील इतकं वाकायला सांगा, डिपर लावा आणि विचारा. तो डोळे मिटत असेल तर बाईकवाला पण मिटतो, आणि बाईकवाल्याच्या व्हायझरवर ओरखडे असतात, त्याला आपल्यापेक्षा दुप्पट त्रास होतो, खड्डा तर अजिबात दिसत नाही.

मागे तीन माणसं आणि डिक्कीत गावाकडचं सामान असेल तर गाडी मागे बसते आणि फोकस वर जातो. लेव्हलिंगचा गोल त्यासाठीच आहे, १, २, ३ करत खाली घ्या, रिकामी झाली की शून्यावर. किती जणांनी तो कधी हातच लावलेला नाही!

प्रोजेक्टर आणि फॉग

एवढं करूनही कमी वाटलं, रोजचाच रात्रीचा घाट असेल, तर खरा अपग्रेड म्हणजे प्रोजेक्टर, पुढे भिंग असलेला हेडलाईट. तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीचा प्रोजेक्टर हेडलाईट येत असेल तर तो सगळ्यात सरळ मार्ग, वायरिंग-कपलर जुळतात का ते पार्ट नंबरवरून बघून घ्या. बाहेरून बाय-एलईडी (डिपर-अप्पर दोन्ही देणारा) प्रोजेक्टर बसवतात तेव्हा हेडलाईट तापवून काच उघडतात आणि परत ब्युटाइल सीलंटने बंद करतात. हे काम हाताचं आहे. सील कच्चं राहिलं की पहिल्याच पावसात आत बाष्प. आधी केलेली कामं बघा, एखादा पावसाळा काढलेली गाडी दाखवायला सांगा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आरटीओ आणि विमा कंपनी दोघांना त्याचं घेणंदेणं असतं, म्हणून काम करायच्या आधी दोन्हीकडे विचारून घ्या.

आंबोली, आंबा, कुंभार्ली, माळशेज, जुलै-ऑगस्टमध्ये जिथे जाल तिथे धुकं. तिथे अप्पर लावला की पांढरी भिंतच उभी राहते. फॉगलॅम्प बंपरमध्ये खाली असतात आणि रुंद, आखूड फोकस टाकतात म्हणून त्यांचा उपयोग, पिवळा रंग धुकं कापतो असं काही नाही, पण पिवळ्याने डोळ्यांना कमी त्रास होतो असं बऱ्याच जणांना जाणवतं, तेवढ्यासाठी पिवळा घ्यायला हरकत नाही. कोरड्या हायवेवर फॉगलॅम्प बंद ठेवा, जवळचा रस्ता उजळतो आणि लांबचं पुन्हा कमी दिसतं. छतावरचे, बंपरवरचे एलईडी बार गावाच्या रस्त्यावर लावू नका, चलन तर होतंच.

काम झाल्यावर पहिल्या रात्री रिकाम्या ओळखीच्या रस्त्यावर अर्धा तास चालवा, मग बोनेट उघडून रिले, फ्यूज आणि होल्डर हाताने चाचपा, कोमट ठीक, चटका बसत असेल तर तिथे जोड सैल आहे. समोरचे लोक डिपर मारत, म्हणजे लाईट उघडझाप करून खुणावत असतील तर फोकस परत भिंतीवर बघा, त्यांचीच चूक असं धरून चालू नका. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक जादा बल्ब, दोन फ्यूज आणि छोटा टॉर्च ठेवा. आणि बंपर उघडला, शॉक अब्सॉर्बर बदलले, टायरचा साइझ बदलला, समोरून कुठे ठोकलं, की फोकस पुन्हा लावून घ्यायचा, सर्व्हिस सेंटरला जॉब कार्डवर तसं लिहायलाच सांगा, कारण सांगितल्याशिवाय सहसा कुणी बघत नाही.